न चिकटणारे भाचे

१

मणी रिकामे निघाले.

दिसायला झकास होते. पांढरेशुभ्र, मोहरीएवढे, एकसारखे गोल. बघून कोणाही संचालकाचा ऊर भरून यावा. पण प्रत्येक मण्यात हजारो जिवाणू दाटीवाटीनं बसलेले असायला हवे होते, आणि मणी चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर घर होतं, राहणारं कोणी नव्हतं. भाडेकरू सगळे बाहेरच्या पाण्यात पोहत होते. जिवंत, धडधाकट, संख्येला पूर्ण. फक्त आत जायला तयार नव्हते.

हे मणी लहान मुलांच्या इस्पितळात जायचे होते. जिवाणू पोटाला चांगले. पण उघडे गिळले तर जठरातल्या आम्लातच त्यांचा निकाल लागतो. म्हणून दुधातल्या प्रथिनाचं चिलखत. आता चिलखतं एकीकडे, शिपाई एकीकडे, आणि इस्पितळाचा रोज सकाळी फोन.

संस्थेच्या संचालकांनी गुन्हेगार त्याच दिवशी ठरवून टाकला. चौकशी तेवढी राहिली होती. त्यासाठी त्यांनी चौकशीबाईंना बोलावलं.

चौकशीबाईंचं उभं आयुष्य दुधातलं पाणी पकडण्यात गेलं होतं. निवृत्तीनंतरही लोक त्यांना सोडत नव्हते, आणि घरी नवरा निवृत्त होऊन बसलेला असल्यामुळे त्याही लोकांना सोडत नव्हत्या. संस्थेची लिफ्ट दुरुस्तीला होती. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांच्या गुडघ्याचा पट्टा घसरून घोट्याशी आला. त्यांनी तो वर ओढला, वेल्क्रो दाबून बसवला आणि कठड्याला टेकून घरी फोन लावला.

"अहो, माझ्या पट्ट्याला काय केलंत?"

"धुतला," नवरा म्हणाला. आवाजात कर्तव्य केल्याचं समाधान होतं. "किती कळकट झाला होता. कशात धुतला ते विचार."

"नको."

"मशीनमध्ये. बघ कसा नवा दिसतोय."

दिसत होता खरा. दोन पावलांत परत घसरला.

संचालकांच्या खोलीत खुर्चीमागे एक मोठा ताजा फोटो होता. लाल फीत, झाकण उघडलेलं चकचकीत मशीन, कोणी वजनदार पाहुणे मशीनमध्ये वाकून नळी ठेवताहेत, आणि शेजारी संचालक लग्नातल्या वधूपित्यासारखे.

"नवं सेंट्रिफ्यूज," बाईंची नजर बघून संचालक खूश झाले. "जिवाणू गरागरा फिरवून पाण्यातून वेगळे काढतं. असं मशीन आसपास कोणाकडे नाही. बसा ना. काम सोपं आहे. हे जिवाणू आमचे नाहीतच. आमचे चोरीला गेले, आणि त्यांच्या जागी बाजारातले तसेच दिसणारे आणून ठेवले. आमचे चिकटतात, हे चिकटत नाहीत. संपलं."

"चोर कोण?"

"आत्या. जिवाणू सांभाळायचं काम तिचं, फ्रीजची किल्ली तिच्याकडे. होती. काल काढून घेतली. उद्या दुपारी मंडळाची बैठक आहे, तीत चोरीचा शेरा मारून बडतर्फ. तुमच्या अहवालाचा मसुदा तयार आहे. सही केलीत की..."

"मी अजून कोणाशी बोललेही नाही."

"म्हणून तर मसुदा म्हटलं."

बाईंनी दमून पट्टा वर ओढला. "तिनं चोरी का करावी?"

संचालक पुढे झुकले आणि दाराकडे बघून म्हणाले, "तिचा सख्खा भाचा आमच्याच स्पर्धक कंपनीत आहे."

२

आत्या कॉरिडॉरमध्ये बसली होती. तिच्या शेजारी जुनं सेंट्रिफ्यूज होतं. त्याच्यावर कुंडी ठेवली होती. दोघांनाही एकाच आठवड्यात बाहेर काढलेलं दिसत होतं.

"तुमचा भाचा..." बाईंनी सुरुवात केली.

"हो, त्याच कंपनीत आहे. साबण विकतो," आत्या म्हणाली. "आणि त्याला हे जिवाणू मी चोरून कशाला देऊ? त्याच्याच पोटातले आहेत."

बाईंनी चष्मा काढून पुसला. चौकशीत असं उत्तर त्यांना पूर्वी मिळालं नव्हतं.

"तान्हा होता तेव्हा," आत्यानं समजावलं. "इथे निरोगी बाळांच्या लंगोटांचे नमुने हवे होते. कोणी देईना. मी भावाच्या घरी गेले आणि घेऊन आले. वहिनी अजून त्यावरून बोलते. त्या लंगोटात हे सापडले. म्हणून सगळे मला आत्या म्हणतात. आधी चेष्टेनं म्हणायचे, आता खरं नाव कोणाला आठवत नाही. पगारपत्रक करणाराही एकदा अडला होता."

"चिकटतात कसे हे?"

"अंगावर केस असतात त्यांच्या. अगदी बारीक. दूध फाटल्यावर पिवळसर पाणी उरतं ना, निवळी, तिच्यातलं प्रथिन दिसलं की ते केसांनी धरून बसतात. मग त्याचे थेंब पाडून मणी केले की जिवाणू आपोआप आत. या जातीच्या इतर जिवाणूंना केस नसतात. ते मण्यातून निसटतात."

"म्हणजे संचालक म्हणतात तशी अदलाबदल होऊ शकते."

"होऊ शकते," आत्या म्हणाली. "पण मी केली नाही. किल्ली काढून घेतली त्याचं काही नाही हो. निवृत्त होताना द्यायचीच होती. पण चोर म्हणून द्यायची? माझ्याच माणसांची चोरी?"

खोलीच्या काचेतून आत रॅक दिसत होता. निळ्या टोप्यांच्या नळ्यांच्या रांगा, आणि एका कोपऱ्यात मोजक्या लाल टोप्यांच्या.

"लाल तुमच्या?"

"फक्त माझ्या. म्हणजे त्यांच्या. गर्दीत हरवू नयेत म्हणून टोपरं घातलं." बोलता बोलता तिचा तळहात हलका डोलत होता, जणू नळी हातात होती. बाईंचं लक्ष गेलेलं पाहून तिनं हात मांडीवर ठेवला. "सवय आहे. नळी मी हलवत नाही, जोजवते. सगळे हसतात."

"का जोजवता?"

"ज्या मॅडमनी शिकवलं त्या तसंच करायच्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेव्हा विचारायची पद्धत नव्हती."

बाई उठल्या. पट्टा घसरला. आत्यानं तो बघितला आणि म्हणाली, "वेल्क्रो गेलं तुमचं."

"दिसतंय तर नवं," बाई म्हणाल्या. आणि हे वाक्य त्यांना उगाचच दिवसभर टोचत राहिलं.

३

प्रथिनाची पावडर पुरवणारा माणूस आपणहून हजर झाला होता. खांद्यावर पोतं घेऊन. निरपराध माणूस सहसा पुरावा स्वतः उचलून आणत नाही, त्यामुळे बाईंनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं.

"माझ्या मालाला बोट लावाल तर मी इथेच फक्की मारून दाखवतो," पावडरवाला म्हणाला.

"तुम्ही मण्यात शिरणार आहात का?"

"नाही."

"मग बसा."

पावडर भट्टीत जास्त तापली तर प्रथिन बिघडतं आणि जिवाणूंना ते धरता येत नाही, एवढं बाईंना ठाऊक होतं. मण्यांचं काम बघणारा तरुण शास्त्रज्ञ तिथेच होता. संस्थेत पाहुणे आले की प्रात्यक्षिक दाखवायला यालाच पुढे करत. म्हणून त्याला सगळे डेमो म्हणत. डेमोनं पूर्वीच्या चांगल्या खेपेतले राखून ठेवलेले जिवाणू काढले आणि याच पोत्यातल्या पावडरीच्या पाण्यात सोडले. थोड्याच वेळात गुठळ्या धरून ते तळाशी बसले, वरचं पाणी नितळ. शेजारच्या नळीत वादग्रस्त खेपेतले सोडले. ते गढूळ तरंगत राहिले, लग्नात कोणीच ओळखीचं नसल्यासारखे.

"पावडर निर्दोष," बाई म्हणाल्या.

"मग पोतं घरी नेऊ?" पावडरवाल्याला सुटकेपेक्षा पोत्याचं ओझं जास्त जाणवलेलं दिसलं.

तो गेल्यावर डेमोनं कॉफी केली. साखर घातली आणि चमच्याऐवजी पेला टेबलावरच्या थरथरणाऱ्या छोट्या यंत्रावर धरला. यंत्र घरघरलं, कॉफीत भोवरा झाला.

"हे काय?"

"शेकर. नळ्या ढवळायला असतो. पण कशालाही चालतो."

"आत्या वापरतात?"

"आत्या?" डेमो हसला. "त्या नळीला अंगाई म्हणतात." मग हसू आवरून म्हणाला, "त्यांच्यावर खरंच चोरीचा शेरा बसणार?"

"उद्या दुपारी."

डेमोनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग कॉफीचा घोट घेतला. कॉफी गरम होती; तोंड भाजलं तरी तो घोट त्यानं गिळला.

४

बाई आत्याकडे परत गेल्या. "एक सांगा. समजा हे बदललेले आहेत, बिनकेसांच्या जातीचे. यांना वाढवलं तर यांची पोरं कशी होतील?"

"बिनकेसांची. जातच तशी."

"आणि समजा हे तुमचेच आहेत, पण यांना काहीतरी झालंय?"

जुन्या सेंट्रिफ्यूजवरच्या कुंडीला आत्यानं नकळत सरळ केलं. "पोरांना केस येतील," ती हळू म्हणाली. "बापाचा हात तुटला म्हणून मूल काही लुळं जन्मत नाही."

"मग लावा वाढायला. माझ्यासमोर. याच खेपेतले."

आत्यानं बाईंच्या डोळ्यांदेखत त्या खेपेतले थोडे जिवाणू ताज्या खाद्यात सोडले. नळी उबदार कपाटात गेली. कपाटाला बाईंनी पर्समधलं स्वतःचं कुलूप लावलं; दुधाच्या टाक्यांना आयुष्यभर लावत आल्या होत्या, तेच. संचालकांनी दारातून डोकावून विचारलं, "सही झाली का?"

"उगवायला घातलीय," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी पट्टा काढून टेबलावर आपटला. नवरा चहा घेऊन आला. निवृत्तीनंतर तो घरकामात अशा हिरिरीनं पडला होता की घर त्याच्यापासून जपून राहत होतं.

"चिकटत नाही," बाई म्हणाल्या.

"तोच पट्टा आहे. मी काय बदलला? तीच कंपनी, तेच माप. धुऊन वजन घटलं असेल तर मळाचं."

बाईंनी पट्टा दिव्याखाली धरला. वेल्क्रोच्या एका बाजूला मऊ लव होती, ती शाबूत. दुसऱ्या बाजूला बारीक आकड्यांची रांग असते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी डोळे अगदी जवळ नेले.

आकडे नव्हते. खुंट होते.

"किती जोरात फिरवला?"

"नॉबवर शेवटचा आकडा असतो ना, तेवढा. मशीन आहे तर वापरायला नको?" नवरा म्हणाला. "आणि तरी तळाला गोळा होऊन बसला होता. मग चांगला झटकला. दाराच्या कडीवर आपटून आपटून."

चहाचा कप बाईंच्या ओठाशी थांबला. तोच पट्टा. तेच माप. अंगानं धडधाकट. फक्त धरायचं विसरलेला.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं. "साखर कमी आहे?"

"नाही," बाई म्हणाल्या. "वेग जास्त आहे."

५

सकाळी त्यांनी कुलूप काढलं. आत्यानं नळी दोन्ही हातांनी बाहेर घेतली. रात्रीत पाणी दुधाळ झालं होतं. पोरं चिक्कार झाली होती. तिनं ती निवळीच्या प्रथिनात सोडली आणि दोघी बाकावर बसून बघत राहिल्या. इस्पितळाच्या बाकावर नातेवाईक बसतात तशा.

आधी गढूळच राहिलं. आत्यानं मान खाली घातली. मग बाईंनी तिचा कोपर दाबला. पाण्यात बारीक कण दिसू लागले, कणांच्या गुठळ्या झाल्या, गुठळ्या खाली निघाल्या. वरचं पाणी स्वच्छ होत गेलं.

"धरलं," आत्या म्हणाली. डोळे पुसायला हातमोजा मध्ये आला, म्हणून बाही वापरली.

"म्हणजे हे तुमचेच. कोणी चोरले नाहीत. यांचे फक्त केस तुटलेत. आता कोणी तोडले तेवढं बघू." बाई उठल्या. "नव्या मशीनच्या उद्घाटनाला तुम्ही कुठे होतात?"

"खाली फाटकाशी. पाहुण्यांना गुच्छ द्यायला उभं केलं होतं. पाहुणे दुसऱ्या दारानं गेले. गुच्छ सुकेपर्यंत मी तिथेच."

डेमो आपल्या टेबलाशी होता. बाईंनी शेजारची खुर्ची ओढली, गुडघा लांब केला.

"संचालकांच्या फोटोत पाहुणे मशीनमध्ये नळी ठेवताहेत," त्या म्हणाल्या. "नळीची टोपी लाल आहे."

डेमोनं शेकरकडे बघितलं. शेकर बंद होता.

"साहेब म्हणाले, रिकामं मशीन फोटोत बरं दिसत नाही, काहीतरी घाला. तेव्हा आत्यांच्या नळ्या समोर बर्फात होत्या. रंगही छान दिसत होता." त्यानं शेकर दूर सरकवला. "ठरलेल्या वेगाला त्यांना काही होत नाही. पण पाहुण्यांनी विचारलं, याच्याहून जोरात फिरतं का. साहेबांनी नॉब शेवटपर्यंत फिरवला. टाळ्या झाल्या."

"मग?"

"मग जिवाणू तळाला थापल्यासारखे बसले. सुटेनात. आत्या यायच्या आत नळ्या होत्या तशा करायच्या होत्या. शेकरवर धरल्या. बराच वेळ."

"आणि गप्प बसलात."

"मोजले ना मी," डेमो काकुळतीला आला. "सगळे जिवंत होते. एकही मेला नव्हता. म्हटलं, बिघडलं काय? मणी रिकामे निघाले तेव्हाही लक्षात आलं नाही. काल तुम्ही आत्यांचं विचारलंत, तेव्हा आलं. पण सांगायचं म्हणजे साहेबांचं नाव घ्यायचं."

"कॉफी चमच्यानं ढवळत जा," बाई म्हणाल्या. "आणि बैठकीला या. हेच वाक्य तिथे परत म्हणायचंय. टाळ्यांसकट."

६

बैठकीआधी संचालकांनी बाईंना खोलीत घेतलं. बाईंनी पायातला पट्टा काढला आणि त्यांच्या टेबलावर, फोटोसमोर ठेवला.

"हा माझा पट्टा. चोरीला गेलेला नाही, बदललेला नाही. माझ्या नवऱ्यानं प्रेमानं मशीनमध्ये शेवटच्या आकड्यावर फिरवला, मग दारावर आपटला. आता चिकटत नाही. तुमच्या जिवाणूंचंही तेच झालं. फरक इतकाच, की जिवाणूंना पोरं होतात आणि पोरांना केस येतात. पट्ट्याला ती सोय नाही."

संचालकांनी पट्ट्याकडे बघितलं. मग मान मागे वळवून फोटोकडे बघितलं. वधूपित्याचा चेहरा हळूहळू ऐन मांडवात हुंडा वाढवून मागितल्यासारखा झाला.

"पण मला हे माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"मान्य. माहीत नव्हतं तर चोरी म्हणायला नको होतं."

"पाहुणे मंडळावर आहेत, बाई. अहवालात तांत्रिक कारण असं लिहिलं तर?"

"लिहिते," बाई म्हणाल्या. "तांत्रिक कारणाचं नावही लिहिते."

"एवढं ताणायची गरज आहे का?"

बाईंना खरं म्हणजे ताणायचं नव्हतंच. त्यांना घरी जाऊन पाय वर घेऊन पडायचं होतं. आयुष्यभर त्यांनी दुधातलं पाणी पकडलं होतं आणि आयुष्यभर कोणी ना कोणी त्यांना विचारलं होतं, की पाणी एवढं वाईट असतं का. दर वेळी त्या दमल्या होत्या, आणि दर वेळी लिहिलं होतं.

"बाहेर एक बाई बसलीय," त्या म्हणाल्या. "तिच्या भाच्याचा लंगोट तिनं तुम्हाला दिला. त्याच्यावर तुमची इमारत उभी आहे. नॉब कोणी फिरवला हे लिहिलं नाही, तर लोक म्हणत राहतील की काहीतरी असणार तिचं. मी तुमचं नाव लिहिणार. तुम्ही वाटल्यास खाली लिहा, प्रेमानं फिरवला."

बैठक लांबली. पाहुण्यांनी आपण फक्त जिज्ञासा दाखवली असं नोंदवून घेतलं. डेमोनं टाळ्यांपर्यंत सगळं सांगितलं. संचालकांना कोणी काही म्हटलं नाही. त्यांना मशीन-वापर समितीचं अध्यक्ष करण्यात आलं. बाईंना याचं आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटण्याची त्यांची ताकद दुधातच संपली होती.

पण चोरीचा शेरा गेला, आणि बाईंची एकमेव शिफारस मान्य झाली. नव्या मशीनच्या वेगाचा नॉब काढून आत्याच्या ताब्यात द्यावा. ज्याला फिरवायचं त्यानं तिच्याकडे मागावा.

आत्यानं परत मिळालेली फ्रीजची किल्ली आणि नॉब एकाच दोऱ्यात ओवून गळ्यात घातले. मग रॅकपाशी गेली आणि त्या वादग्रस्त खेपेची नळी हातात घेतली.

"यांचं काय करायचं?" डेमोनं दबकत विचारलं. "फेकायचे?"

"फेकायला काय झालं? पोरं यांचीच आहेत ना," आत्या म्हणाली. "मणी पोरांचे करू. इस्पितळाला कळव. आणि मला आत्या म्हणायचं असेल तर आधी हात धुऊन ये." नळी तिच्या तळहातावर डोलत होती.

लिफ्ट अजून बंद होती. बाई पट्टा हातात घेऊन कठडा धरत उतरल्या.

घरी नवऱ्यानं दार उघडताच विचारलं, "सापडला का चोर?"

"चोर नव्हताच. तुमच्यासारखा एक होता."

"मग सुटला असेल," नवरा समाधानानं म्हणाला. "हे बघ, तुला नवा पट्टा आणलाय. घालायच्या आधी म्हटलं एकदा दुकानाचा वास..."

आतल्या खोलीतून मशीनची घरघर ऐकू येत होती. बाई चप्पल न काढताच आत गेल्या आणि मशीन बंद केलं. ओला पट्टा त्यांनी हळूच बाहेर काढला, दिव्याखाली धरला. आकडे अजून होते. मग त्यांनी मशीनचा नॉब ओढून काढला, पुसला आणि पर्समध्ये टाकला, कुलपाशेजारी.

"अगं, मग मी कपडे कसे धुवायचे?" दारात उभा राहून नवऱ्यानं विचारलं.

"माझ्याकडे मागायचा," बाई म्हणाल्या, आणि पाय वर घेऊन पडल्या.